मॅनेजरकडे भाडं अडकतंय? दूर राहणाऱ्या घरमालकासाठी तपासणीचा क्रम

हा बिघाड मी आजवर सात वेळा हाताळलाय. पहिला माझ्याच फ्लॅटचा होता: मी नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात, फ्लॅट महाराष्ट्रात, किल्ल्या आणि भाडेवसुली एका मॅनेजरकडे. मग मावशीचा, मग एका मित्राचा, आणि पुढे "तुला यातलं कळतं ना" म्हणत आलेल्या ओळखीच्यांचे. सातपैकी पाच जणांचे सगळे किंवा बहुतेक पैसे परत मिळाले. एक प्रकरण कोर्टात आहे. आणि एका प्रकरणात मॅनेजरची चूकच नव्हती, ते पुढे सांगतो.

खाली कायद्याचं जे लिहिलंय ते महाराष्ट्रात भाड्याने दिलेल्या राहत्या घराबद्दल आहे. मालक देशात असो की परदेशात, सुरुवातीचा क्रम तोच.

लक्षणं

- भाडं महिन्याच्या ५ तारखेला यायचं. ते आधी १२ ला, मग २० ला यायला लागतं, आणि एक दिवस उत्तर येतं, "पुढच्या महिन्यात दोन्ही एकत्र टाकतो."
- ठरलेल्या रकमेऐवजी तुकडे येतात. आज थोडे, दहा दिवसांनी थोडे.
- वजावटीत "किरकोळ दुरुस्ती" असते, पण बिल नसतं.
- "भाडेकरूच देत नाहीये" असं कळतं, मात्र भाडेकरूचा नंबर काही केल्या मिळत नाही.
- "फ्लॅट रिकामा आहे" हे तीन-तीन महिने ऐकू येतं.
- नवीन कराराची प्रत मागितली की "पाठवतो".
- सोसायटीकडून मेंटेनन्स थकल्याचा मेसेज येतो, आणि तुमच्या समजुतीप्रमाणे तो मॅनेजर भरत असतो.

यातलं एखादं लक्षण एखाद्या महिन्यात दिसलं तर घाबरू नका. दोन लक्षणं सलग दोन महिने दिसली तर त्याच आठवड्यात कामाला लागा. यात मालकाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते वाट पाहण्याने.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. भाड्याच्या वाटेवर दोन जोड आहेत: भाडेकरू ते मॅनेजर, आणि मॅनेजर ते तुम्ही. पैसा कोणत्या जोडावर थांबलाय हे कळेपर्यंत कोणावरही आरोप करायचा नाही. पहिल्या पाचही तपासण्या फक्त एवढंच शोधण्यासाठी आहेत.

१. आधी स्वतःचं खातं

खर्च शून्य, वेळ एक संध्याकाळ. बँकेचं स्टेटमेंट काढा आणि एका कागदावर चार रकाने आखा: महिना, करारातलं भाडं, प्रत्यक्ष आलेली रक्कम आणि तारीख, मॅनेजरने सांगितलेली वजावट. पहिल्या महिन्यापासून भरा, फक्त अलीकडचे महिने नकोत.

मावशीला खात्री होती की पाच महिन्यांचं भाडं बुडालंय. कागद भरला तेव्हा दिसलं की पूर्ण बुडालेले महिने तीनच आहेत. पण चौथ्या रकान्यात वेगळंच निघालं. "सोसायटी मेंटेनन्स" म्हणून दर महिन्याला रक्कम कापली जात होती, आणि मावशी वर्षाचा मेंटेनन्स स्वतः ऑनलाइन भरत होती. दोन वर्षं. त्या एका ओळीची बेरीज बुडालेल्या भाड्यापेक्षा मोठी झाली. ती माझ्या शेजारी बसून एकेक महिना बोटाने मोजत होती, आणि शेवटी तिने पेन खाली ठेवलं. हा कागद नसता तर आम्ही पाच महिन्यांचं भाडं मागितलं असतं, मॅनेजरने दोन महिन्यांच्या पावत्या दाखवून आम्हाला खोटं पाडलं असतं, आणि खरा आकडा तसाच दबून राहिला असता.

याच वेळी खातं चालू आहे ना तेही बघा. मॅनेजरची चूक नसलेलं प्रकरण हेच. मालक परदेशात, केवायसी अद्ययावत न केल्याने खातं गोठलेलं, आणि मॅनेजरने पाठवलेले तीनही हप्ते त्याच्याकडे परत गेलेले. त्याने ते कळवले होते, पण मालक बघत नसलेल्या जुन्या ईमेलवर. त्या भल्या माणसाला आम्ही आधीच नोटीस पाठवली असती तर?

२. मॅनेजरशी झालेला करार

लेखी करार असेल तर तीनच गोष्टी शोधा: त्याचं कमिशन किती, तुम्हाला न विचारता दुरुस्तीवर किती खर्च करता येतो, आणि भाडं कोणत्या तारखेपर्यंत पुढे पाठवायचं. करार नसेल तर व्हॉट्सअॅपवरचं जुनं बोलणं, ईमेल, सुरुवातीचे हिशेब गोळा करा. ज्या पद्धतीने वर्षभर व्यवहार झाला तीही ठरलेली पद्धत होती हे त्यातून दाखवता येतं.

हे का बघायचं? कारण काही रक्कम कापण्याचा त्याला खरोखर हक्क असतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २१७ प्रमाणे एजंट (इथे तुमचा मॅनेजर) आपलं ठरलेलं मानधन आणि कामासाठी केलेला योग्य खर्च मालकासाठी घेतलेल्या रकमेतून ठेवून घेऊ शकतो. उरलेली सगळी रक्कम मालकाला देणं त्याला कलम २१८ ने बंधनकारक आहे. म्हणून त्याची रास्त वजावट तुमच्या कागदावर तुम्हीच आधी मान्य करा. रास्त ते सोडून मागितलेला आकडा टिकतो. फुगवलेला आकडा पहिल्याच बैठकीत कोसळतो.

३. विजेचं बिल

"फ्लॅट रिकामा होता" याचं उत्तर विजेच्या बिलात असतं. ग्राहक क्रमांक टाकला की वीज कंपनीच्या संकेतस्थळावर बिल मिळतं, आणि त्यावर मागच्या महिन्यांचा वापर युनिटमध्ये छापलेला असतो. बंद घराचा वापर शून्याच्या आसपास राहतो. माझ्या फ्लॅटच्या बाबतीत मॅनेजर ज्या चार महिन्यांना "रिकामे" म्हणत होता त्यांचे आकडे होते १३८, १५१, १४४ आणि १६०. पंखे, फ्रिज, गीझर चालवत एक कुटुंब तिथे राहत होतं.

बिलावर "सरासरी" किंवा "अंदाजे रीडिंग" असा शेरा नाही ना, तेवढं बघून घ्या. रीडिंग घेतलंच गेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींनाही एक फोन करा. घरात कोण राहतंय, कधीपासून, भाडेकरूची कोणती कागदपत्रं सोसायटीकडे दिली आहेत, मेंटेनन्स किती थकलाय. तुम्ही सभासद आहात, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. फोनवर मॅनेजरबद्दल तक्रार मात्र करू नका. सोसायटीच्या ग्रुपवर तर अजिबात नाही. अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, आणि बदनामीचा उलटा दावा ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

४. नोंदणी आणि कर

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स (घर ठराविक मुदतीसाठी वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते, मॅनेजरची नाही. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं प्रथमदर्शनी ग्राह्य धरलं जातं. तेव्हा "एजंट बघतो सगळं" म्हणून हा विषय सोडून देऊ नका.

कराराची प्रत मिळत नसेल तर नोंदणी व मुद्रांक विभागातून सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू काढा. त्यात भाडं, डिपॉझिट आणि मुदत दिसते. मॅनेजरने तुम्हाला सांगितलेलं भाडं आणि नोंदवलेलं भाडं यांत फरक असेल तर तो फरकही तुमचाच आहे. एजंटने मालकाच्या नकळत स्वतःच्या फायद्यासाठी व्यवहार केला तर त्या फायद्यावर मालक हक्क सांगू शकतो, हे करार कायद्याचं कलम २१६ आहे.

भाडेकरू भाड्यातून कर कापून भरत असेल तर तुमच्या आयकर खात्यावरच्या वार्षिक माहिती विवरणात ते दिसतं. कंपनीने कर्मचाऱ्यासाठी घर घेतलं असेल तर हे हमखास बघा. तिथे भाडेकरूने नोंदवलेली रक्कम असते, आणि ती मॅनेजरला बदलता येत नाही.

५. भाडेकरूशी बोला

बहुतेक मालक हे सगळ्यात शेवटी करतात, किंवा सुरुवातीलाच रागात करतात. दोन्ही चुकीचं. आधीचे कागद हातात आल्यावर, शांतपणे.

लक्षात ठेवा, मॅनेजरला भाडं घेण्याचा अधिकार तुम्ही दिला होता. त्या अधिकारात भाडेकरूने त्याला दिलेलं भाडं म्हणजे तुम्हालाच दिलेलं भाडं. करार कायद्याच्या कलम २२६ चा अर्थ हाच. ते तुमच्यापर्यंत पोहोचवण्याचा प्रश्न तुमचा आणि मॅनेजरचा आहे. प्रामाणिकपणे भाडं भरणाऱ्या माणसाला "पुन्हा द्या" म्हणता येत नाही, आणि घर सोडायला लावण्यासाठी त्याचं पाणी-वीज तोडणं तर कायद्यानेच बंद आहे. त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९.

मी माझ्या फ्लॅटमधल्या भाडेकरूला फोन केला तेव्हा त्या गृहस्थांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "पण आम्ही तर एकही महिना चुकवला नाही हो." आवाजात भीती होती. मी म्हटलं, "तुमच्यावर शंका नाही, मला फक्त माझ्या हिशेबासाठी पाहायचंय." पाच मिनिटांत चौदा स्क्रीनशॉट आले. प्रत्येकावर तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक. आणि त्यातले सहा व्यवहार मॅनेजरच्या फर्मच्या खात्यावर नव्हतेच, त्याच्या घरच्या कुणाच्या खात्यावर होते. पैसा दुसऱ्या जोडावर अडकलाय हे तिथे स्पष्ट झालं.

भाडेकरूकडून मागायचं ते एवढंच: भाड्याच्या पावत्या किंवा बँकेच्या नोंदी, डिपॉझिट किती आणि कोणाला दिलं, आणि त्याच्याकडच्या कराराची प्रत. रोख दिलं असेल तर प्रत्येक तारीख त्याच्याकडून मेसेजमध्ये लिहून घ्या. चॅट डिलीट करू नका आणि तो फोन जपून ठेवा. पुढे कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाताशी असेल तर ते देणं सोपं जातं.

भाडेकरू म्हणाला की खरंच दिलेलं नाही, तर बिघाड पहिल्या जोडावर आहे. मग डिपॉझिटमधून वळती, भाडेकरूला नोटीस, घर रिकामं करून घेणं, तो सगळा वेगळा रस्ता. पुढचं सगळं पैसा मॅनेजरकडे असल्याचं दिसल्यावरचं आहे.

६. गळती बंद करा

जुने पैसे मागण्याआधी पुढचे वाचवा. अनेक जण इथे क्रम उलटा करतात: महिनोन्महिने थकबाकीवर भांडतात, आणि नवं भाडं त्याच हातात जात राहतं.

भाडेकरूला लेखी कळवा की अमुक तारखेपासून भाडं घेण्याचा मॅनेजरचा अधिकार संपला आहे, पुढचं भाडं थेट या खात्यात भरा. अधिकार काढल्याची बाब मॅनेजरपुरती त्याला कळल्यापासून लागू होते आणि भाडेकरूपुरती भाडेकरूला कळल्यापासून, असं करार कायद्याचं कलम २०८ सांगतं. म्हणून दोघांना वेगवेगळं आणि त्याच दिवशी कळवा, आणि दोघांकडून पोच घ्या. तुम्ही अनिवासी असाल तर तुमचं एनआरओ खातं (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) द्या. अनिवासी मालकाला भाडं देताना भाडेकरूला कर कापावा लागतो, हेही त्याला तेव्हाच सांगा. नाहीतर पुढे त्याच्यावर दंड-व्याज येतं आणि तुमचा एकमेव साक्षीदार दुखावतो.

मॅनेजरशी करार ठराविक मुदतीचा असेल तर त्यातली मुदतपूर्व समाप्तीची अट पाळा. मॅनेजरच्या नावे कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) असेल तर ते लेखी रद्द करा. ते नोंदवलेलं असेल तर रद्दपत्रही नोंदवा, आणि प्रत सोसायटी, बँक व भाडेकरूला द्या. नव्या विश्वासू माणसाला परदेशातून कुलमुखत्यारपत्र पाठवणार असाल, तर ते वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीकडून साक्षांकित करून भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत लोक हमखास चुकवतात.

७. पैसे नका मागू, हिशेब मागा

सातही प्रकरणांतून मला जे कळलं ते हेच. "माझे पैसे द्या" म्हटलं की समोरचा "देतो" म्हणतो, आणि महिना जातो. हिशेब मागितला की त्याला कागदावर काहीतरी लिहून द्यावं लागतं. मागणी केल्यावर योग्य हिशेब देणं हे करार कायद्याच्या कलम २१३ खाली एजंटचं कर्तव्यच आहे, आणि ते टाळण्याला कोणतंही चांगलं कारण नसतं.

मी पाठवतो तो मजकूर असा:

"अमुक महिन्यापासून आजपर्यंत माझ्या फ्लॅटच्या भाड्यापोटी व डिपॉझिटपोटी तुम्ही माझ्या वतीने घेतलेल्या सर्व रकमांचा, त्यातून केलेल्या प्रत्येक वजावटीचा बिलांसह, आणि मला दिलेल्या रकमांचा तारीखवार हिशेब १५ दिवसांत पाठवा. शिल्लक रक्कम त्याच मुदतीत माझ्या खात्यात भरा. डिपॉझिट सध्या कुठे आहे तेही लेखी कळवा."

एवढंच. धमकी नाही, विशेषणं नाहीत. तुमच्या कागदावरचा आकडाही या पत्रात लिहू नका. आधी त्याचा आकडा येऊ द्या. ईमेलने पाठवा आणि स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा.

डिपॉझिटचा प्रश्न विसरू नका. घर सोडताना भाडेकरू ते तुमच्याकडे मागणार, मॅनेजरकडे नाही. एका प्रकरणात थकलेलं भाडं दोन महिन्यांचं होतं आणि मॅनेजरकडचं डिपॉझिट सहा महिन्यांचं.

मुदतीचं गणितही याच मागणीशी बांधलेलं आहे. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ३ प्रमाणे, एजंटने घेतलेल्या आणि हिशेब न दिलेल्या रकमेसाठी मालकाला तीन वर्षांत दावा लावावा लागतो. ही तीन वर्षं, एजन्सी (मॅनेजरचं तुमच्या वतीने काम करणं) चालू असताना हिशेब मागून नाकारला गेला त्या दिवसापासून मोजली जातात, आणि अशी मागणीच झाली नसेल तर एजन्सी संपल्यापासून. दरम्यान त्याने सहीनिशी "इतके देणं बाकी आहे" असं लिहून दिलं, तर कलम १८ प्रमाणे मुदत तिथून नव्याने सुरू होते. पण हे लिहून देणं जुनी मुदत संपण्याआधी झालेलं हवं.

मावशीच्या मॅनेजरने बाराव्या दिवशी हिशेब पाठवला. त्यात मेंटेनन्सची ओळ त्याने स्वतःच गाळली होती. आम्ही सोसायटीच्या पावत्या जोडून फक्त विचारलं, "दर महिन्याची ही वजावट कशासाठी होती?" त्याने फोन केला, आणि चार हप्त्यांत पैसे परत द्यायचं कबूल केलं.

हप्ते मान्य करायला हरकत नाही. मी बहुतेक वेळा करतो, कारण दोन वर्षं कोर्टात जाण्यापेक्षा सहा महिन्यांत आलेले पैसे बरे. मात्र समझोता लेखी घ्या: एकूण देणं, तारखा, दोघांच्या सह्या, आणि पुढच्या तारखांचे चेक. चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं) कलम १३८ लागू होतं. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस, आणि त्यानंतर एक महिन्यात तक्रार. यातला एक दिवसही चुकवू नका.

इथे थांबा आणि वकील गाठा

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर स्वतः पुढे जाऊ नका. त्याच आठवड्यात दिवाणी काम करणारा, घर जिथे आहे तिथला वकील बघा.

- भाडेकरू म्हणतो की तो भाडं देतच नाही, त्याने मॅनेजरला मोठी रक्कम एकदम दिली आहे. याला हेवी डिपॉझिट म्हणतात. मॅनेजर तुम्हाला "भाडेकरू आहे" सांगतो, भाडेकरूकडून एकरकमी पैसे घेतो, आणि त्यातूनच तुम्हाला दरमहा भाडं पाठवत राहतो. पैसे संपले की भाडं थांबतं, आणि घरातला माणूस म्हणतो, "माझी रक्कम मिळाल्याशिवाय हलणार नाही." तोही फसलेलाच असतो. त्याला एक शब्दही लिहून देऊ नका.
- करारावर तुमची सही आहे, पण ती तुम्ही केलेली नाही.
- कुलमुखत्यारपत्रात विक्रीचा किंवा गहाण ठेवण्याचा अधिकार आहे.
- करारात एक नाव आणि घरात दुसरंच कुटुंब.
- पहिली रक्कम थकून अडीच वर्षं झाली आहेत.
- हिशेबाच्या मागणीला १५ दिवसांत उत्तर नाही, किंवा "तुमचंच माझ्याकडे देणं आहे" असं उत्तर आलं.

वकील आधी कायदेशीर नोटीस देईल. माझ्या पाचपैकी दोन प्रकरणं तिथेच मिटली. पुढचे रस्ते तीन. लेखी करारावरून निश्चित रक्कम निघत असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा होऊ शकतो. त्यात प्रतिवादीला बचाव मांडण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी लागते. रकमेचाच वाद असेल तर हिशेबाचा दावा.

दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. मॅनेजर फी घेऊन सेवा देतो, म्हणून सेवेतल्या त्रुटीची तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं, आणि देशातच पण दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मालकाला याचा मोठा आधार आहे. सेवेपोटी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत मात्र दोनच वर्षांची. तुमची बरीच घरं भाड्याने असतील तर समोरचा "हा व्यापारी हेतू आहे" असा आक्षेप घेणार, तेव्हा हा रस्ता निवडण्याआधी वकिलाला विचारा.

तिसरा रस्ता पोलिसांचा. सोपवलेली रक्कम अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरणं हा फौजदारी विश्वासघात आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ लागतं, त्याआधीच्यांना भारतीय दंड संहितेची ४०५ पासूनची कलमं. नुसती थकबाकी घेऊन गेलात तर "हे दिवाणी आहे" म्हणून परत पाठवतील, आणि ते बऱ्याचदा बरोबरही असतं. खोटी सही, घरच्यांच्या खात्यावर वळवलेलं भाडं, "रिकामा" म्हणत दडवलेला भाडेकरू, असं काही कागदावर असेल तेव्हाच हा रस्ता धरा, आणि तक्रारीचा मसुदा वकिलाकडूनच करून घ्या.

वकिलाकडे जाताना एक फाइल न्या: चार रकान्यांचा कागद वर, खाली बँकेचं स्टेटमेंट, भाडेकरूचे स्क्रीनशॉट तारखेच्या क्रमाने, विजेची बिलं, इंडेक्स टू, मॅनेजरशी झालेला करार किंवा चॅट, आणि हिशेबाच्या मागणीची पोचपावती. माझ्या मित्राने अशी फाइल टेबलावर ठेवली तेव्हा वकिलांनी पहिलं पान दोन मिनिटं वाचलं आणि त्याच दिवशी नोटिशीचा मसुदा करायला घेतला.